चाळीस खुर्च्या, एक बाक

मानवी संस्कृतीचा पाया धीर हा आहे. डोंगर एका दिवसात उभे राहिले नाहीत, नद्यांनी आपली पात्रं आठवड्याभरात कोरली नाहीत, आणि ज्याला थांबता येतं त्याला जगात कोणी हलवू शकत नाही. हे विचार मला एका लाकडी बाकाच्या टोकावर बसलेलो असताना सुचले. ते वहीत उतरवावेत म्हणून मी खिशातून पेन काढतो न काढतो, तोच बाकाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस उठला आणि मी जमिनीवर आलो.

त्या बाकाचे दोन पाय आखूड होते, एक या टोकाचा आणि एक त्या टोकाचा. बाक चौघांचा, बसत सहा जण, आणि सहाही जण आपापल्या जागी असेपर्यंत तो कसाबसा जमिनीला धरून असे. त्यातला एक उठला की उरलेल्या पाचांना आयुष्याचा नव्याने विचार करावा लागे. हा बाक एका कंपनीच्या बाहेरच्या खोलीत होता. व्यापाऱ्यांना माल ठेवायला गोदामं भाड्याने देणं हा त्या कंपनीचा धंदा. म्हणजे द्यावीत की न द्यावीत, याचा विचार करणं हा धंदा. बाकावरचे सगळे व्यापारी त्या विचाराचा निकाल ऐकायला आलेले असत. मी एकटाच तिथे खुर्च्या विकायला आलो होतो.

खुर्च्या विकणं हा काही माझा पेशा नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात मी एकतीस वर्षं काढली आहेत. या हाताने कागद घ्यायचा, त्या हाताने पुढे द्यायचा, आणि मधल्या काळात त्याला किती विश्रांती द्यायची हे आपल्या अनुभवाने ठरवायचं. कुठल्या ढिगात, खालून कितवा ठेवला म्हणजे कागद किती महिने निवांत झोपतो, हे सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. निरोपाच्या समारंभात आमचे साहेब म्हणाले होते, "यांच्या हातून एकही कागद हरवला नाही. फक्त वेळेवर सापडला नाही." मी ते कौतुक समजून घरी आल्यावर हिला सांगितलं. त्या दिवसापासून ही विजेचं बिल स्वतः भरायला लागली.

आता साडूबद्दल. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा लाकडी सामानाचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, दोन यंत्रं, चार कामगार आणि एक मिस्त्री. या मिस्त्रीने एक खुर्ची बनवली होती. एकही खिळा न मारता सांधलेली. तिच्यात बसलं की आपल्या पाठीला कोणीतरी समजून घेतल्यासारखं वाटायचं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा हे बोलूनही दाखवलं. ही शेजारीच होती. म्हणाली, "चला, मला जे जमलं नाही ते एका खुर्चीला जमलं."

साडूला लाकूड कळतं, माणसं कळत नाहीत. एका रविवारी आम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला बसलो असताना तो म्हणाला, की त्या गोदामवाल्या कंपनीत बाहेरच्या खोलीसाठी चाळीस खुर्च्या घ्यायचं चाललंय, तिथल्या बाकाबद्दल व्यापाऱ्यांच्या फार तक्रारी आहेत, पण अशा ठिकाणी जाऊन बोलायचं म्हणजे आपल्याला काही सुचत नाही.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. काही वाक्यं माणसाने पेला हातात असतानाच गिळून टाकावीत.

"ऑफिसात कागद कसा हलतो, हे मला सांगता?" मी म्हणालो. "एका आठवड्यात ऑर्डर आणून देतो. आलीच म्हणून समजा."

"अहो," ही म्हणाली, "तुम्ही कागद हलवत नव्हतात."

पण साडूने ऑर्डर आलीच असं समजलं. त्याने दुसऱ्याच दिवशी चाळीस खुर्च्यांचं उत्तम, वाळलेलं सागवान आणून शेडमध्ये रचलं. त्याच आठवड्यात एका वाचनालयाची माणसं टेबलांची मोठी ऑर्डर घेऊन आली, तर त्यांना त्याने हात जोडून सांगितलं की यंदा आमचे हात मोकळे नाहीत. हे मला पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे आता काय काय पणाला लागलं होतं ते बघा: साडूचा कारखाना, मिस्त्रीचं काम आणि माझा शब्द. पहिल्या दोन गोष्टींना किंमत होती.

पहिल्या भेटीला मी इस्त्रीचा शर्ट घातला, कोटेशनच्या तीन प्रती टंकून घेतल्या आणि कागदपत्रांची जुनी पिशवी खांद्याला लावली. बाहेरच्या खोलीत टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्या पांढऱ्या लोकरीचे इवलेसे मोजे विणत होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते. त्यांनी सुया न थांबवता विचारलं, "काय काम?"

"खुर्च्यांचं."

"बसा," त्या म्हणाल्या, आणि बाकाकडे बघून, "म्हणजे, उभे राहा."

अडीच तासांनी मला आत बोलावलं. खरेदी आणि भाडं या दोन्ही खात्यांचे प्रमुख एकच होते. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी पॉलिशला गेली होती ती यायची होती. सगळे त्यांना बघूसाहेब म्हणत. गोरेपान, हसतमुख, आवाजात साखर. इतक्या अगत्याने त्यांनी माझं स्वागत केलं की मला मनातल्या मनात साडूची कीव आली. यात काय अवघड होतं?

त्यांनी कोटेशन वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरून वाचलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "रंग कुठला?"

"तपकिरी. हवा असला तर गडद करून देऊ."

"बघू." त्यांनी डोळे मिटले. "हात असलेली की बिनहातांची?"

"हात असलेली."

"तिथेच तर विचार करायला हवा. हात असले की माणूस रेलतो. रेलला की बसून राहतो." ते काही वेळ त्या माणसाचा विचार करत राहिले. "बघू. कळवतो आम्ही. कोटेशन राहू द्या माझ्याकडे, तिन्ही प्रती."

जिना उतरताना मी शीळ घालत होतो. नकार नव्हता. एकतीस वर्षांच्या अनुभवाने मला एवढं नक्की कळत होतं की ज्या साहेबाला नाही म्हणायचं असतं तो कागद उजेडात धरत नाही. हे निदान बरोबरच होतं. फक्त ज्याला हो म्हणायचं असतं तोही धरत नाही, हे मला चौदा महिन्यांनी कळलं.

पुढचे दोन महिने रंगात गेले. मग दीड महिना हातांत. मग बघूसाहेबांनी सुचवलं की नमुन्यादाखल एक खुर्ची आणून ठेवा, म्हणजे सगळ्यांना मत बनवता येईल. मला वाटलं, काम झालं. त्या खुर्चीत एकदा बसल्यावर नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता.

आणि तिथेच माझी चूक झाली. त्या खुर्चीत बसल्यावर माणसाला कसलीच घाई राहत नसे. हिशेब खात्याच्या प्रमुखांनी ती आठ दिवस आपल्याकडे ठेवून घेतली आणि शेरा मारला, "आणखी काही दिवस बसून पाहणे आवश्यक." मग ती दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथून तिसऱ्या. मी दर पंधरा दिवसांनी चौकशीला जायचो आणि बाई सुयांवरून डोळे न उचलता सांगायच्या, "तुमची खुर्ची आज कायदेशीर सल्लागारांकडे आहे, खुर्चीवाले काका. त्यांचं कालपासून पाठीचं बरं आहे."

खुर्चीवाले काका. माझ्या हाताखाली कधीकाळी सहा कारकून होते, हे तिथे कोणाला सांगावं? एकदा सांगितलं होतं. शेजारच्या व्यापाऱ्याने आदराने सरकून जागा दिली आणि त्यामुळे बाक कलंडला.

शेवटी समिती नेमली गेली. नऊ जणांची. तिचं नाव आसन समिती. तीन महिन्यांत तिच्या एकूण पाच बैठका ठरल्या आणि पाचही पुढे ढकलल्या गेल्या. कारण विचारलं तर ते इतकं निर्दोष होतं की मी थक्क झालो. बैठकीच्या खोलीत खुर्च्या आठ होत्या. नववे सभासद आमच्या नमुन्यावर बसत. खुर्चीवर माणूस बसलेला असताना तिची नीट तपासणी करता येत नाही, आणि ते उठले तर सभासदांची संख्या पुरी होत नाही. आमच्या कार्यालयात आम्ही कागद दाबून ठेवायचो, पण त्यासाठी निदान वर काहीतरी ठेवावं लागायचं. इथे काहीही न ठेवता एक अख्खी खुर्ची दाबून ठेवली होती. त्या दिवशी मला प्रथमच कळलं की आवक-जावकमध्ये मी नवशिक्या होतो.

दरम्यान आमच्या इमारतीत ही बातमी फुटली होती. समोरचे डॉक्टर म्हणाले, "रोज जाऊ नका, सवय होते. आठवड्यातून एकदाच, पण रिकाम्या पोटी." वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सुचवलं की साहेबांच्या बायकोला भेटावं. मी चौकशी केली, तर साहेबांचं लग्न अजून ठरायचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मुलगी पसंत पडली होती. तिला पुढे दुसरीकडे दोन मुलं झाली.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबतपासनीस राहतात. त्यांना पेन्सिल दिली की ते माणसातून उठतात. त्यांनी माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली: कोण किती वेळ त्या खुर्चीत बसलं, समितीच्या निरोपांसाठी किती कागद खर्ची पडला, नऊ जणांचे पगार अंदाजे किती. दोन संध्याकाळी खपून त्यांनी एक तक्ता तयार केला आणि पोरगं परीक्षेत पहिलं आल्यासारखा चेहरा करून माझ्यापुढे ठेवला.

"चाळीस खुर्च्या घ्यायच्या की नाही, या विचारावर त्यांनी आतापर्यंत केलेल्या खर्चात," ते म्हणाले, "एकशे बारा खुर्च्या आल्या असत्या. पॉलिशसकट."

"पण हा खर्च त्यांना दिसत कसा नाही?"

"कारण त्याची पावती नसते," ते म्हणाले. "आणि यात ते बाकावरचे व्यापारी मी धरलेच नाहीत. त्यांचं काय होतं, ते तुम्ही बघा."

हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. मी तक्ता घेऊन तडक बघूसाहेबांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, उजेडात धरला, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी तरळलं.

"इतकी वर्षं मी या कंपनीत आहे," ते म्हणाले, "पण उशिराचा इतका खोलवर विचार कोणी केला नव्हता. हे समितीपुढे यायलाच हवं. सावकाश, नीट चर्चा करून."

मग त्यांनी नियम सांगितला. एका कोटेशनवर खरेदी होत नाही, तीन लागतात. दुसरं कोणी कोटेशन द्यायला तयार नव्हतं. तेव्हा उरलेली दोन मीच मिळवून आणली तर सगळ्यांचीच सोय होईल.

माझ्याविरुद्ध भाव लावा, अशी विनंती करत मी दोन दिवस बाजारात हिंडलो. पहिल्या दुकानदाराला मी वेडा वाटलो, पण कटकट टळावी म्हणून त्याने कोटेशन दिलं. दुसरा म्हातारा दुकानदार शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "त्या कंपनीत? आमच्या वडिलांनी कपाटं दिली होती तिथे."

"दिली होती?"

"देणार होते," तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीकडे त्याने बोट केलं. मग त्यानेही कोटेशन लिहून दिलं.

या काळात साडूच्या शेडमध्ये सागवान रचलेलं होतं तसंच होतं. त्याने निम्मी शेड अडवली होती, म्हणून दुसरं काम घ्यायला जागा नव्हती. विकावं म्हटलं तर ऑर्डर उद्या येईल ही धास्ती. मी दर आठवड्याला सांगतच होतो, "आता फक्त समिती राहिली." "आता फक्त कोटेशनं राहिली." चारांतले दोन कामगार गेले. मिस्त्री थांबला होता. काम नाही म्हणून तो हत्यारांना धार लावत बसे. धार लावून लावून पटाशी दोन बोटं कमी झाली होती. उरलेल्या तुकड्यांतून त्याने मांजरासाठी एक स्टूल बनवलं. मांजर बसलं, तेव्हा त्या स्टुलाला त्याने टेकायला पाठही करून दिली.

आठव्या महिन्यात मी गेलो, तेव्हा तो आपली पेटी बांधत होता.

"जरा थांबा मिस्त्री," मी म्हणालो, "पुढच्या बैठकीत नक्की आहे."

"काका," तो म्हणाला, "मला राग नाही. पण सकाळी उठल्यावर हातांना सांगायला काहीतरी लागतं. आठ महिने मी त्यांना खोटं सांगतोय."

साडू दारात उभा होता. त्याने मिस्त्रीची पेटी स्वतः उचलून रस्त्यापर्यंत नेली. परत आल्यावर तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "भाऊसाहेब, चहा घेणार?" मला त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्रीपासून दोघी बहिणींचे फोन आखडले. आधी अर्धा तास चालायचे, मग दहा मिनिटं, मग नुसतं "बरंय ना? बरंय." आणि घरात कोणतीही गोष्ट मी "बघतो" म्हणालो की ही स्वतः उठून करायला लागली.

मी मात्र जात राहिलो. शब्द दिला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर आता मला तिथे एक प्रकारची ओढ लागली होती. मोठा धबधबा बघायला माणसं पुन्हा पुन्हा जातात, तसा मी तिथे जायचो. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढी सज्जन, सुशिक्षित माणसं दिवसभर एकमेकांशी अत्यंत सौजन्याने बोलत आहेत आणि काहीही घडत नाही, हे दृश्य साधं नव्हतं.

शिवाय मला सुधारणाही दिसत होती. बाहेरच्या खोलीतली गर्दी कमी होत होती. सुरुवातीला बाकावर सहा जण असायचे, मग चार, मग दोन. अकराव्या महिन्यात मला प्रथमच बसायला नीट जागा मिळाली. आणि त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे माझ्या टोकाला तो बाक डुगडुगला नाही. मी मुद्दाम उठून बसलो, रेलून पाहिलं. ढिम्म. या कार्यालयात कोणीतरी, कधीतरी, काहीतरी निर्णय घेऊन अमलात आणला होता. माझा ऊर भरून आला. ही बातमी मी त्याच संध्याकाळी साडूला फोनवर दिली. 

"बाक बरा झाला, म्हणता?" तो म्हणाला.

"चांगली खूण आहे."

"अहो भाऊसाहेब, बाक बरा झाला तर खुर्च्या कशाला घेतील?"

लाकूडवाल्या माणसांना ऑफिसातलं वारं कळत नाही, असं मी मनाशी म्हणालो.

चौदाव्या महिन्यात पत्र आलं. निर्णय झाला आहे, समक्ष भेटावे. मी पत्र तीनदा वाचलं आणि साडूला घेऊनच गेलो. लग्नातला कोट चढवून तो आला होता. त्याच्या खिशात मोजपट्टी होती, खोलीत खुर्च्या कशा मांडायच्या ते बघायला.

खोली रिकामी होती. बाकावर कोणी नव्हतं. टेबलामागे बाई तांबड्या लोकरीचा स्वेटर विणत होत्या आणि त्यांच्या पायाशी एक गुटगुटीत बाळ टेबलाचा पाय धरून उभं राहायचा सराव करत होतं. आम्ही बाकावर बसायच्या आतच आत बोलावणं आलं. पिशवी बाकाखाली सरकवून मी वळलो. 

बघूसाहेब आमच्या नमुन्याच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात तिच्या हातांवर, रेलून. चेहऱ्यावर एखादं अवघड गणित सुटल्याची शांती.

"अभिनंदन," ते म्हणाले. "प्रश्न सुटला."

साडूने मोजपट्टीवर हात ठेवला.

"बाहेरची खोली बघितलीत ना? एकही माणूस नाही. चौदा महिन्यांपूर्वी तिथे उभं राहायला जागा नव्हती. खुर्च्या हव्यात म्हणून तक्रारी होत्या. त्या वेळी घाई केली असती, तर आज चाळीस खुर्च्या रिकाम्या पडल्या असत्या." ते किंचित पुढे झुकले. "समितीने मत दिलं आहे की आता खुर्च्यांची गरज नाही. एकमताने. तुमचंही श्रेय आहे यात. तुम्ही घाई केली नाहीत."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. यात उपरोध नव्हता, लबाडी नव्हती. उंच कड्याच्या टोकाशी उभं राहून दरीचं कौतुक करणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. 

"पण ते व्यापारी गेले कुठे?" साडूने विचारलं. माणसं न कळणाऱ्या माणसाने.

"तेच," बघूसाहेब म्हणाले. "त्याचाही विचार करायला हवा. बघू."

साडू पुढे झाला. "साहेब, आमचा नमुना आम्ही नेतो." बघूसाहेब उठले. उठताना त्यांनी खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवला. मला क्षणभर वाईट वाटलं. चौदा महिन्यांत त्यांनी कशाला तरी धरून ठेवलं होतं ते एवढंच.

खुर्चीचे दोन बाजूंचे पाय धरून आम्ही दोघे जिना उतरलो.  "चुकलं माझं," एवढं कसंबसं म्हणालो.

"डावा पाय जरा वर धरा," साडू म्हणाला. "घासतोय."

रस्त्यावर येऊन आम्ही खुर्ची खाली ठेवली आणि समोर बघितलं. पलीकडच्या बाजूला एक निळं दार होतं. वर गोदामांचीच पाटी. काचेतून आतली खोली सरळ दिसत होती आणि खोलीत ते सगळे होते. बाकावरचे माझे जुने सोबती, ज्याने मला सरकून जागा दिली होती तोसुद्धा. सगळे आरामात बसले होते. ज्या खुर्च्यांवर बसले होते, त्यांचीच मोठी बहीण आमच्या दोघांच्या मधे रस्त्यावर उभी होती.

दार उघडलं आणि मिस्त्री बाहेर आला. कानावर पेन्सिल, अंगावर भुसा. आम्हाला बघून तो थबकला, मग हसला.

"आठवड्यापूर्वीच घरी येणार होतो," तो साडूला म्हणाला. "इथल्या मालकीणबाईंनी सहा महिन्यांपूर्वी जागा घेतली. मी विचारायला गेलो, तर एका खुर्चीत बसल्या, उठल्या आणि म्हणाल्या, तीस करा. व्यापाऱ्यांनासुद्धा तसंच. जागा आहे, घ्या. नसली, तर नाही. पंधरा मिनिटांत माणूस मोकळा."

"छान केल्यास," साडू म्हणाला. खुर्च्यांकडे बघत. 

"आता आणखी दोन ठिकाणी त्यांचं उघडतंय. ऐंशी खुर्च्या हव्यात. माझ्याकडे जागा नाही, लाकूड नाही, माणसं नाहीत." मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. "तुमच्याकडे शेड आहे. लाकूडही आहे, चौदा महिने आणखी वाळलेलं. मी परत येतो. फक्त त्यांना आत्ता सांगायचंय."

"आत्ता म्हणजे?"

"त्या आत बसल्यात. आत्ता."

मी घसा साफ केला. मोठा प्रश्न होता. लाकूड चाळिसांचं, खुर्च्या ऐंशी. गेलेले कामगार परत येतील का? शांतपणे, सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा होता. माझ्या ओठांवर तो दोन अक्षरांचा शब्द आलाच होता.

"हो," साडू म्हणाला. माझ्याकडे न बघता. आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकून त्या निळ्या दारातून आत गेला.

मी रस्त्यावर उभा राहिलो. शेजारी खुर्ची होती, तिच्यात बसलो. संध्याकाळपर्यंत दोघी बहिणींचा फोन तासभर चालणार, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. साडूने एका क्षणात, एका अक्षरात, माझं चौदा महिन्यांचं काम पुरं केलं होतं. मी आजवर पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली आहेत, पण इतकं थक्क व्हायची वेळ एकाच सकाळी दोनदा आली नव्हती.

मग आठवलं की पिशवी बाकाखालीच राहिली.

मी पुन्हा वर गेलो. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. बाळ आता हात सोडून, कशालाही न धरता, उभं होतं. मी वाकून बाकाखाली हात घातला, तेव्हा माझ्या टोकाचा तो आखूड पाय अगदी डोळ्यांपुढे आला. त्याच्या खाली एक कागद नीट आठ घड्या घालून बसवला होता. कडेला टंकलेलं अक्षर दिसत होतं. तपकिरी, हात असलेली, नग चाळीस. खाली माझी सही, तारखेसकट.

मी तसाच गुडघ्यांवर होतो. मागून पावलं वाजली. बघूसाहेब होते. माझ्या हातात पिशवी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं भेटलात," ते म्हणाले. "तुमच्या कोटेशनची आणखी एखादी प्रत मिळेल का? बाकीच्या दोन समितीकडे अडकल्यात, आणि त्या टोकाचा पायही डुगडुगतो आहे."

मी पिशवी उघडली.

"घाई नाही," ते म्हणाले. "पण जमलं तर जरा जाड कागदावर द्या."